फक्त बॅटरी

मंगळवार संध्याकाळ, बेळ्ळंदूर

वापरणारे लोक मागत होते म्हणून आज माझ्या लॅपटॉप तपासायच्या टूलमध्ये ‘फक्त बॅटरी’ हा ऑप्शन घातला. कमांडला जोडला की सगळ्या माहितीऐवजी बॅटरीची एकच ओळ येते. अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासाचं!

टूल मुळात बाबांसाठी लिहिलं होतं. निपाणीतल्या त्यांच्या लॅपटॉपला काय झालंय, ते फोनवर कळावं म्हणून. दर रविवारी ते मला फोनवर सगळ्या ओळी वाचून दाखवायचे. मी चिडायचो, “बाबा, फक्त बॅटरीचं सांगा ना!” ते म्हणायचे, “थांब की, वरनं वाचतो.”

त्यांना जाऊन चार महिने झाले. तेव्हाच का नाही घातला हा ऑप्शन? की नाही घातला तेच बरं झालं? फोन दोन मिनिटांत संपला असता.

ऑप्शन नीट चालतोय. तरी मी तो न जोडता कमांड दिली, आणि सगळं वरनं मोठ्यानं वाचलं.