माझं नाक आणि सगळ्यांचे उपाय

१७ मार्च
सूनबाईंनी पाडव्याची साफसफाई आजच काढली. मधुराच्या तावडीतून आमचा गोळ्यांचा डबाही सुटला नाही! जुना, पितळी, गोल, मसाल्याचा. महिन्याभराच्या गोळ्या माझी बायको, बेबी, पाकिटांतून सोडवून त्यात ठेवते. खिडकीकडची वाटी माझी, बीपीची. गॅसकडची तिची, हृदयाची झडप बदलल्यापासूनची. चष्मा लागत नाही! डबा चिंचेने लख्ख घासून पुन्हा जागेवर.

२३ मार्च
हिंदमाताला साडीच्या दुकानात माझ्या नाकातून रक्त! दुकानदाराने आधी साड्या उचलल्या, मग मला. मान मागे टाकली, तर सगळं घशात. घरी बेबीने कांदा फोडून नाकाशी धरला. रक्त थांबेना, रडू मात्र आलं.

२५ मार्च
परत! मधुराने पुढे वाकायला लावून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला. तोंडाने श्वास घ्या, म्हणाली. शेजारच्या कौसल्याबाई दूर्वांचा रस घेऊन हजर. मी काय गणपती आहे? बऱ्याच वेळाने थांबलं, चिमटीनेच.
बेबीला हल्ली जिना चढताना चक्कर येते. उन्हाने, म्हणते.

२६ मार्च
नाक-कान-घसावाल्या डॉक्टरीणबाई. नाकात उजेड पाडून फुटलेली शीर शोधली आणि औषधाच्या काडीने जाळली. झोंबलं! पुन्हा वाहिलं तर नाकात पट्टी कोंबणार, तरीही नाही थांबलं तर ऑपरेशन करून शीर बंद करणार. तोवर मिठाच्या पाण्याचे थेंब, मलम, आणि नाकात बोट घालायचं नाही. या वयात ही ताकीद!
बीपी बरंच वर. गोळी चुकवता का, विचारलं. कधीच नाही, मी छाती काढून सांगितलं.
"रक्त पातळ करायची गोळी घेता?"
"ती बायको घेते. झडपेत गुठळी होऊ नये म्हणून."
तरी रक्त तपासायला घेतलंच. नाकातून गेलं ते कमी होतं!

२८ मार्च
रिपोर्ट आला. माझं रक्त पातळ झालंय. ती गोळी घेतल्याशिवाय असं होत नाही, बाई फोनवर म्हणाल्या.
चष्मा लावून डबा उघडला. घासून ठेवताना तो फिरला होता. माझ्या वाटीत बेबीच्या गोळ्या. म्हणजे इतके दिवस बेबी माझ्या घेत होती.
दोघांनी लगेच या, म्हणाल्यात. मधुरा टॅक्सी आणायला गेली आहे. मला फार भीती वाटते आहे. बेबी निऱ्या सारख्या करत विचारते,
"अहो, नाक तुमचं गळतंय. मला कशाला नेताय?"