पुडी बराबर, अनुपान चुकलं

केदारखेडा,
ज्येष्ठ वद्य तृतीया, फसली १३४३

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांवर मच्छिंद्रचं डोकं.

टण्, टण्, टणटण. अक्का, आज सकाळी हा आवाज कानात आला नि मी उठून स्वयंपाकघरात गेलो, तर तिथं कोणीच न्हाई. तू बापासाठी पितळी खलबत्त्यात पान कुटायचीस, मी त्या ठेक्यावर चौथीच्या कविता घोकायचो. मी अडलो की तुझा बत्ताही अडायचा, आणि बोळक्या तोंडाचा बाप ओरडायचा, "पोरा, तुझ्या कवितेपायी माझं पान वाळून चाललं!" (शाळा चौथीत सुटली, कविता काही सुटल्या नाहीत.) असो. अंतरवालीला तुझे गुडघे काय म्हणतात? गोजरबाईची म्हैस व्याली का?

पाडव्याला तू रागावून गोजरबाईकडे, लेकीच्या घरी गेलीस ते बराबरच केलंस. दाढेच्या दुखण्यावर जालन्याच्या बाजारात कोणीतरी पानात कोकेनची चिमूट घालून दिली, दाढ गप्प बसली, आणि वर्षभरात मी त्या चिमटीचा ताबेदार झालो. गावातच चावडीमागे कडूबा पानवाला ती झाकून द्यायचा, म्हणजे जालन्याची खेपही वाचली. जीभ इतकी बधिर, की चार पाहुण्यांदेखत मी तुझी पुरणपोळी खाऊन 'भाकरी छान झाली' म्हणालो. "जिभेला चव आली की कळव, मंग येते," एवढंच बोलून तू खलबत्ता काखेत मारलास आणि गाडीत बसलीस. तेव्हापासून कविता म्हणावी तर ठेका धरायला कोणी न्हाई, आणि जोडाक्षर आलं की जीभ खड्ड्यात पडल्यासारखी पडते.

म्हणून बदनापूरच्या बद्रीनाथ वैद्यांकडे गेलो. त्यांनी एकवीस पुड्या दिल्या. रोज तीन, विड्याच्या पानाच्या रसात. पुडी ज्यातून घ्यायची ते अनुपान, ते चुकवू नका, असं दोनदा बजावलं. आता खलबत्त्याशिवाय रस काढायचा कसा? (मी दोष देत न्हाई, फक्त सांगतो.) पाट्यावर वाटून पाहिलं, तर आदल्या दिवशीच्या मिरचीनं डोळ्यांतूनच रस निघाला. मंग सुचलं की देवानं रस काढायला जबडा दिलाय. पुडी अख्ख्या पानात घालून चावली की झालं! पान अर्थातच कडूबाचं. मी म्हणालो, "कडूबा, औषधासाठी पान लाव." तो बिचारा कनवाळू. म्हणाला, "औषध लई कडू असंल, आबा. चिंता करू नका, बराबर लावतो." आणि माझ्या कळवळ्यानं त्यानं एकीच्या जागी दोन चिमटी टाकल्या.

काय तो गुण आला, अक्का! सात दिवसांत मी माळवद झाडलं, परसातली काटेरी झुडपं तोडली, आणि गोठ्यात उभं राहून बैलांना पहिलीपासून चौथीपर्यंतच्या सगळ्या कविता ऐकवल्या. (खोटं कशाला बोलू, तिसऱ्या दिवशी थोडी शंका आल्ती. पण गुण येत असताना शंका काढू नये.) वैद्यांना भुजंगप्रयातात चिठ्ठी धाडली:

पुडी धन्य झाली, मिळे वैद्य मोठा
सुखे डोलतो आज माझाहि गोठा

वैद्य इतके फुलले, की दोन नव्या रोग्यांना माझा नमुना दाखवायला तट्टावर बसून स्वतः आले. अनुपान दाखवा म्हणाले. मी ताजं पान पुढं केलं. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, जरा थांबले, स्वतःच्या जिभेला बोटानं चाचपलं, आणि ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसले. "आबा, शिपाई पाठवला मी, अन् तुम्ही त्याला चोराच्या खांद्यावर बसवून घरात आणला!"

मंग पुन्हा पहिल्यापासून पुड्या, यावेळी मधातून, आणि वैद्यांसमोर कानाला हात लावून. पहिले चार दिवस मी शेजारच्या झुंबरबाईच्या शेळीवरही खेकसलो, पाचव्या दिवशी तिचीच गळाभेट घेऊन रडलो. (शेळीची.) सतराव्या दिवशी झुंबरबाईनं अंबाडीची भाजी दिली. घास घेतला आणि मी ओरडलो, "खारट! खारट झाली!" ती म्हणाली, "मेल्याला नावं ठेवायलाच जीभ फुटली का?" पण माझ्या डोळ्यांत पाणी पाहून तिनं आणखी वाढली. तीही खारटच.

तर अक्का, चव आली. कळव म्हणाली होतीस, कळवलं.

तुझा धाकटा,
मच्छिंद्र

ता. क. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर खलबत्ता तेवढा पाठव. पुड्या अजून महिनाभर आहेत.

ता. क. दुसरा. मधाला खलबत्ता लागत न्हाई, हे तू ओळखलंच असशील. खलबत्ता एकटा पाठवू नको. त्यात कुटणारी बरोबर असू दे.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार, तोच दाराची कडी वाजली. पाहतो तर कडूबा! दुकान सोडून हा कधी कुणाच्या दारात गेला न्हाई. मान खाली घालून म्हणतो, "आबा, गिऱ्हाइकाच्या आधी रोज मीच चाखून राह्यलोय. मलाबी वैद्याकडं न्या. अन् हे तुमच्यापाशी ठिवा, माझ्या हाताचा भरवसा न्हाई. तुम्ही सुटलेले मानूस." एवढं बोलून त्यानं कोकेनची अख्खी डबी या कागदावर ठेवली. झाकण सैल आहे, अक्का. चूल पेटलेली आहे. आम्ही दोघं आता उठतोय. डबी माझ्या हातात, माझं मनगट त्याच्या हातात. चूल फक्त बारा पावलांवर आहे. तू जल्दी निघ.