पाठ कुणाची लागली

॥ श्री ॥

मिरजगाव,
रविवार, ता. ५ मार्च १९७२

चि. सूर्यभान यास,

गोरक्षचे आशीर्वाद. तू अकोले गावी काकांकडे सुखरूप पोचल्याचे समजले. गावात सगळ्यांना समजले, मला सर्वांत शेवटी. तिकडे डोंगरात थंडी अजून असेल. भुवईवरच्या टाक्यांना वारा लागू देऊ नकोस.

इकडे सर्व ठीक. आईची तब्येत बरी आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तिचे नाव सूर्यभानने ठेवायचे असे आईने ठरवले आहे, तरी तेवढे कळव.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या दोघांच्या नगरच्या बॉक्सिंगच्या सामन्याबद्दल गावाने मंडळाकडे तक्रार केली आहे. छगन आबांनी पुढाकार घेऊन पारावर सह्या आणि अंगठे गोळा केले. ‘आमच्या सूर्यभानवर अन्याय झाला, पंचांनी निकाल फिरवावा’ असा मजकूर आहे. त्यात ‘अन्याय’ तेवढा शुद्ध लिहिला आहे. या तक्रारीमुळे माझी मोठी पंचाईत झाली. जिंकणाऱ्याला मुंबईच्या मोठ्या सामन्यात उतरवायचे ज्या शेटजींनी कबूल केले होते, त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या कारभारी हवालदारांना निरोप धाडला आहे की, वाद मिटल्याशिवाय कुणालाच नेणार नाही.

तक्रारीवर तुझी सही नाही, हे मी नीट पाहून घेतले. म्हणून तू मंडळाला एकच ओळ लिही: ‘निकाल मला मान्य आहे.’ एवढ्याने माझे मुंबईचे काम होईल.

गावाला समजावून मी थकलो. परवा हॉटेलात छगन आबांनी मला सगळ्यांसमोर विचारले, “गोरख्या, मला आडाण्याला एवढंच सांग, पाठ कुणाची लागली?”

मी म्हणालो, “आबा, ही कुस्ती न्हाई. मातीला पाठ लागली की संपलं, असं हितं नसतंय. दहा मोजायच्या आत उठला न्हाई, तर हरला.”

“आन् तू कवा उठला?”

“दहाच्या आत.”

“कुनाच्या दहाच्या? माझ्या नातवानं पंधरा मोजलं. त्याला फुडचं येत न्हाई म्हनून थांबला त्यो.”

सगळे हसले. माझ्या नाकात चहा गेला.

आता तूच सांग, यात माझी काय चूक? समोरचा पडला की पाडणाऱ्याने लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, तोपर्यंत रेफरी मोजत नाही, हा नियम आहे. लिंबाला टांगलेल्या पोत्यावर ठोसे मारायला शिकवताना हवालदारांनी तो आपल्या दोघांना एकदमच सांगितला. तू “व्हय, व्हय” म्हणालास. आणि चौथ्या फेरीत मी पडल्याबरोबर तू काय केलेस? फळ्यांवरच्या कापडाला हात लावून कपाळाला लावलास, मांडीवर थाप मारलीस, चारी बाजूंना सलामी दिलीस. रेफरी “कॉर्नर! कॉर्नर!” म्हणून ओरडत होता, तर तू त्यालाही नमस्कार केलास. तो तरी मोजणार कसा? मी मात्र पडल्यापडल्या शुद्धीवर होतो. मुरलेले बॉक्सर लगेच उठत नाहीत, आठपर्यंत विसावा घेतात. मी तेच केले.

पंचांबद्दलही वाटेल ते बोलतात. सुभेदार साहेबांनी मत तुला दिले, डॉक्टरांनी मला, आणि ज्या व्यापाऱ्यांनी कप दिला त्यांनीही मला. दोन विरुद्ध एक. तिसरे पंच शेवटपर्यंत शेंगा खात होते आणि त्यांनी शेजाऱ्याला “लाल चड्डीवाला कोण, निळ्या चड्डीवाला कोण?” असे विचारले, असे केशरबाईचा भीमा सांगत फिरतो. विचारले असेल. निळी चड्डी माझी होती आणि मत निळ्याला पडले, मग घोटाळा कुठे झाला?

तुला ट्रकवर बसवून गुलाल उधळत गावात आणले. मी कप पिशवीत घालून एस.टी.ने आलो. कंडक्टरने विचारले, “नगरला बॉक्सिंग झालं म्हनं. कोन जिंकलं?”

मी म्हणालो, “मिरजगावचा.”

“व्हय, त्यो सूर्यभान न्हवं का? लई भारी मारतो म्हनं.”

तिकिटाचे सुटे पैसे देत मी “व्हय” म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

घरी पोचलो तर आई वेशीवर गेलेली. ट्रकपुढे नारळ फोडून, तुला ओवाळून परत आली. मी कप देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. तिने तो पाहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “लई लागलं का रं?” जिंकून आलेल्याला कुणी असे विचारते का?

असो. आई नेहमी म्हणते, “सूर्यभान तुझा पाठचाच हाय.” तेव्हा पाठच्या भावाने मोठ्याचे एवढे ऐकावे. काकांना नमस्कार.

तुझा, जिंकलेला भाऊ,
गोरक्ष

ता.क. ‘मान्य’मधला ‘न’ अर्धा काढ. मंडळाचे सेक्रेटरी शिकलेले आहेत.

॥ श्री ॥

मिरजगाव,
गुरुवार, ता. २३ मार्च १९७२

प्रिय सूर्या,

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे कार्ड मिळाले. उत्तर लिहायला बसलो की काही ना काही काम काढून उठत होतो. आज बसलो आहे.

मी एक ओळ मागितली होती, ती तू मंडळाला धाडलीस. मला वेगळे कार्ड घालायची गरज नव्हती. ‘दादा, तूच जिकला. मी कोपऱ्यात गेलो नाही ही माझी चुक. मुंबईत डाव्या हाताला जप, दमला की तो खाली पडतो. कालवडीचे नाव तूच ठेव. मावशीला नमस्कार.’ अनुस्वार गेला आहे आणि ‘चूक’चा चू ऱ्हस्व झाला आहे. त्या दोन चुका मी कितीदा तरी वाचल्या. दुसरे काही बोट ठेवण्यासारखे त्यात सापडेना.

तक्रार मिटली. छगन आबांनी स्वतः पारावर सांगितले, “पोरगंच म्हनतंय मान्य हाय, तर आपून कोन? लेकरू मनानं लई मोठं हाय.” म्हणजे निकाल माझ्या बाजूने झाला, तरी शाबासकी तुलाच. हवालदार सायकल मारीत घरी आले आणि दारातूनच ओरडले, “गोरक्ष, बांध वळकटी! शेटजी हो म्हनले!” आईने त्यांना चहा केला. मी गायीला पाणी दाखवायला गोठ्यात गेलो आणि ते जाईपर्यंत तिथेच थांबलो.

डाव्या हाताचे तू लिहिले नसतेस, तर मी मुंबईला गेलो असतो. तो हात खाली पडतो हे खरे आहे. कुणाला दिसले नव्हते. तू ते पाहिले होतेस, तरी त्या बाजूने तू मला पहिल्या तीन फेऱ्यांत एकदाही मारले नाहीस.

आता जे मागच्या पत्रात लिहिले नाही, ते लिहितो.

मी मोजणी ऐकली नाही. एक आकडादेखील ऐकला नाही. तुझा उजवा ठोसा कानाखाली बसला आणि एकदम वर आभाळ आले. पाठीखाली फळ्या उन्हाने तापल्या होत्या. मला वाटले, आपण तालमीत आहोत. पाठ लागली, संपले. खोटे कशाला लिहू, मला बरेसुद्धा वाटले. मग तू वाकलास. रोज मला चीत करून वाकतोस तसा. हात पुढे केलास आणि म्हणालास, “ऊठ दादा, चल.”

मी उठलो तो तुझा हात धरायला. हरलेला माणूस उठतो, तसा उठलो.

हात हातात येण्याआधी रेफरीने तुला मागे ढकलले. माझे हातमोजे आपल्या सदऱ्याला पुसले आणि ‘फाइट’ म्हणाला. तेवढा शब्द मी ऐकला. तुझे हात खाली होते. तू हसत होतास, आता हा गळ्यात पडणार असे तुला वाटले असेल. मी मारले. तुझी भुवई फुटली. नंतर तू लढलासच नाहीस, नुसता माझ्याकडे बघत होतास. मी गुण मिळवीत होतो आणि ते पंच लिहून घेत होते. त्यांनी जे पाहिले, ते लिहिले. शेंगा खाणाऱ्यांनीसुद्धा.

तुझ्या कार्डात त्या हाताबद्दल काहीच नाही. तू विसरलास, की मुद्दाम लिहिले नाहीस? विसरला असशील तर ठीक. मुद्दाम असेल, तर ते मला सोसत नाही.

हवालदारांना हे सांगितले. ते म्हणाले, “उठला ना? मग उठला. का उठला, ते रूलात न्हाई. येडा झाला का रं? चालून आलेली मुंबई कुनी परत लावतं का?” ते खरे आहे. नियमाने मी जिंकलो आणि त्या निकालात कुणीही खोट काढू शकणार नाही. म्हणून तर मला झोप लागत नाही.

मग आईला सांगितले. ती जात्याजवळ बसून डाळ पाखडत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मला काय सांगतोस? मी काय पंच हाय व्हय? ज्याचा हात धरायला उठलास, त्याला सांग.” थोड्या वेळाने सूप खाली ठेवून परत विचारले, “कानाखाली दुखतंय का अजून?”

दुखते. पण मी नाही म्हणालो.

सूर्या, मला तुझा हेवा वाटतो. हा शब्द कुठल्या पत्रात लिहायची वेळ येईल असे वाटले नव्हते. तुझी आई, कडूमावशी, गेली आणि काकांनी तुला आमच्याकडे आणून सोडले, तेव्हापासून तव्यावरची पहिली भाकरी तुझी. तुला आई नव्हती म्हणून. मला होती, म्हणून माझी दुसरी. मी कधी बोललो नाही, कारण बोलायला तोंड नव्हते. तालमीत तू मला रोज पाडायचास, त्याचाही राग आला नाही. पाडून झाल्यावर तू हात द्यायचास, त्याचा यायचा. एकदा तरी मला पडलेला सोडून पाणी प्यायला निघून गेला असतास, तर मी तुला मनातून भाऊ म्हटले असते.

वाटले होते की, बॉक्सिंगमध्ये तसे होणार नाही. तिथे हात मोज्यांत बांधलेले असतात, धरता येत नाहीत. आणि तू तिथेही दिलास.

सकाळी मंडळाच्या सेक्रेटरींना कळवले आहे की, मुंबईच्या आधी मला सूर्यभानशी पुन्हा लढायचे आहे, नगरलाच, तेच तीन पंच असले तरी चालतील. जिंकेल तो जाईल. शेटजी वैतागून दोघांचीही नावे खोडतील, असे हवालदार म्हणतात. ते माझ्याशी बोलत नाहीत. कप मी त्यांच्याकडे ठेवून आलो. देव्हाऱ्याजवळची जागा रिकामी आहे, आईने तिथे अजून काही ठेवलेले नाही.

तू नाही म्हणू नकोस. ‘दादाला जाऊ दे’ असे कार्ड घालू नकोस. घातलेस तर मी ते फाडीन. कालवडीचे नाव मी ठेवलेले नाही, तू येऊन ठेव.

आणि एक सांभाळ. भुवई नीट भरल्याशिवाय उतरू नकोस, कारण मी तिथेच मारणार. माझा डावा हात पडला, तर त्या बाजूने तू मार. मी खाली गेलो, तर मातीला नमस्कार नको, सलामी नको. सरळ लांबच्या कोपऱ्यात जा आणि पाठ फिरवून उभा राहा. हात देऊ नकोस. रेफरीला दहा मोजू दे. माझा मी उठतो की नाही, हे मला एकदा बघायचे आहे.

तुझा, पाठ लागलेला,
दादा