यादीतलं लिआचं नाव

लोद, इस्राएल, १६ मार्च २००३

प्रिय नेहेमिया,

'प्रिय' ही हाताची सवय आहे, वेगळा अर्थ काढू नकोस. पत्र मुद्दाम कागदावर लिहितोय. तुझ्या साइटवर 'आपले मत कळवा' असा एक चौकोन आहे, असं माझी मुलगी एनात सांगत होती. माझं मत चौकोनात मावणारं नाही.

अठ्ठावीस वर्षं आपण दोघांनी चालवलेलं 'आपली खबर' तू गेल्या ऑक्टोबरात बंद केलंस. आधी छापखान्याला कळवलंस, मग मला. लोकांना आता कागद नको, सगळं साइटवर टाकू, म्हणालास. कोणत्या लोकांना? किर्यात गातच्या जेमायमाबाई भिंग घेऊन पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायच्या. नेतिवोतचा दाविद वाचून झालेला अंक शेजारच्या तीन घरांत फिरवायचा. त्यांच्याकडे कॉम्प्युटर कुठला? नातवंडांकडे आहे, आणि नातवंडांना मराठी अक्षर ओळखता येत नाही. पण तुला मॉडर्न व्हायचं होतं. मुंबईतही तू असाच होतास. नवी पँट शिवली की भायखळ्याचा रस्ता तुला अपुरा पडायचा.

शेवटच्या पानावरची यादी तरी आठवते का? माझी लिआ दर महिन्याला आपल्या जाड वहीतून ती काढायची. या महिन्यात कोणाकोणाचं स्मरण, हिब्रू तारीख, तिच्यापुढे इंग्रजी तारीख आणि घराचा पत्ता. ती गेल्यावर मी काढू लागलो. आपल्यात त्या दिवसाचं बोलावणं करत नाहीत. यादी वाचून जो तो आपणहून येतो, दहा पुरुष जमले की घरचा माणूस गेलेल्याच्या नावाने कद्दिशची प्रार्थना म्हणतो, मग मलिदा वाटतात. नऊच जमले तर कद्दिश नाही. हे मी तुला शिकवायला नको, पण आता साइटवर ती यादी काढणाऱ्या तुझ्या मशीनला कोणीतरी शिकवायला हवं होतं.

यंदा अदार महिने दोन आले, अधिक महिन्याचं वर्ष. अशा वर्षी आपल्याकडे स्मरण दुसऱ्या अदारात करतात. लिआने वहीच्या पहिल्याच पानावर तांबड्या शाईने तसं लिहून ठेवलंय. तुझ्या मशीनने सरसकट पहिला धरला. लिआ गेली चार वर्षांपूर्वी, अदारच्या नऊ तारखेला. तू फेब्रुवारीतच चौदा जणांना घेऊन माझ्या दारात उभा! मी एनातकडे गेलो होतो. कुलूप बघून तू जिन्यात म्हणालास म्हणे, की पिन्हासचा राग आता बायकोच्या कद्दिशपर्यंत पोचला. शेजारच्या मेईरने शब्द न् शब्द सांगितला. अरे, तिच्या मातीला तू उभा होतास. दोन हजार सालीही दोन अदार आले, तेव्हा दुसऱ्या अदारात माझ्याच घरी मलिदा खाऊन गेलास. आणि यंदा तारीख विचारलीस ती साइटला!

खरा दिवस या गुरुवारी होता. पोहे भिजवले, नारळ खवला, लिआच्याच मोठ्या परातीत मलिदा केला. वीस खुर्च्या मांडल्या. सहा जण आले, मी धरून सात. युद्धात विषारी गॅस येईल या भीतीने सगळे खिडक्यांना प्लास्टिक लावत होते ही सबब सांगू नकोस, ते आठवडाभर लावतायत. खालून तीन माणसं ओढून आणू का, असं मेईरने विचारलं. लिआसाठी माणसं ओढून आणायची? मी नको म्हटलं. दिवस मावळला तेव्हा खुर्च्या घडी केल्या. तुझ्या साइटवर रोज चाळीस लोक येतात म्हणे. माझ्याकडे त्यातला एकही आला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. जानेवारीत तुझ्या सुनेचा, साइट सांभाळणाऱ्या लिमोरचा, फोन आला होता. अर्धं हिब्रू, अर्धं तोडकंमोडकं मराठी, पण विचारत होती ते अगदी नेमकं. अदार पहिला धरायचा की दुसरा, आणि वही दोन दिवस मिळेल का? मी फोन आपटला. फेब्रुवारीत मेईरने जिन्यातली हकीकत सांगितली, तेव्हाही एक फोन पुरला असता. तोही मी केला नाही. तू चुकलास हे साऱ्या लोदला दिसावं, म्हणून लिआला मी कद्दिशविना ठेवलं. याची मला लाज वाटते, आणि ही लाज तुझ्यावर ढकलता येत नाही याचा आणखी राग येतो. तुला मी माफ केलेलं नाही, साइट मला आवडलेली नाही, आवडणारही नाही. पण वहीत अजून चारशे नावं आहेत, आणि त्यांच्याही घरी खुर्च्या मांडल्या जाणार आहेत. येत्या गुरुवारी लिमोरला पाठव. वही देतो, तांबड्या शाईचं पान मी स्वतः तिला समजावीन. बदल्यात यादीपुरता एक कागद दर महिन्याला छाप, जेमायमाबाईंना मी नेऊन देईन. आणि गुरुवारी तूही ये, पण एकटा येऊ नकोस. तू धरून नऊ जण आण. दहावा मी आहे.

रागावलेला, तरी तुझाच,
पिन्हास