खुनी वकील नव्हताच

३ ऑगस्ट २०२५
आज टीव्हीवर पुन्हा तोच सिनेमा! नेहमीसारखा चॅनल बदलला. छत्तीस वर्षं बदलतेय. रुचिरा झाली त्या दिवशी मी घाटकोपरच्या सूतिकागृहात एकटी कळा सोसत होते आणि हे थेटरात बसून हा खुनाचा सिनेमा बघत होते. उगवले रात्री नऊला! म्हणे, "एवढा रंगला होता गं, उठवेना." सगळ्या नातेवाइकांत हा विनोद झालाय. मला कधीच हसू आलं नाही.

५ ऑगस्ट
ठरलं. बघायचाच, अगदी पहिल्या पाटीपासून. माझ्यापेक्षा महत्त्वाचं त्यात काय होतं ते कळू दे तरी! कुठलं बटण दाबायचं ते रुचिराने पवईहून फोनवर सांगितलं.
हे लगेच — "वकील खुनी आहे. शेवटी पुलावरून उडी मारतो. झालं! आता कशाला बघतेस?"
बघणार!

६ ऑगस्ट
पंधरा मिनिटंच झाली. आधी यांना चहा हवा, मग चष्मा सापडेना, मग छातीत धडधडायला लागलं. बीपी मोजलं. माझ्यापेक्षा चांगलं!

७ ऑगस्ट
आतून कडी लावून बघितला. पूर्ण.
वकील मध्यंतराआधीच मरतो. पूलबिल काही नाही. खून केलाय सावत्र भावाने. शेवट दोनदा बघितला, माझंच चुकत असेल म्हणून. मग यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "त्या दिवशी कुठे होतात?"
पेपर खाली घेतला नाही.

८ ऑगस्ट
सांगितलं एकदाचं. मुलगाच होणार म्हणून दुपारीच पेढे घेऊन आले होते. गेटवर आया भेटली. "मुलगी झाली हो! पेढे कसले, बर्फी आणा." तिथूनच मागे फिरले. नऊपर्यंत स्टेशनच्या बाकावर. समोर त्या सिनेमाचं पोस्टर होतं, तेच नाव मला ठोकून दिलं.
पेढे? कुत्र्यांना घातले.
"रुचिराला सांगू नकोस," म्हणाले. पहिल्यांदाच माझ्यापुढे हात जोडले. मला दया नाही आली. संताप आला.

१० ऑगस्ट
रुचिराला बोलावून यांच्यादेखत सगळं सांगितलं. ती उठली. खाली जाऊन दोन किलो बर्फी घेऊन आली आणि बॉक्स बापाच्या हातात दिला. बिल्डिंगमध्ये बावीस दारं. प्रत्येक दारात यांनीच म्हणायचं — "आम्हाला मुलगी झाली." सातव्या दारात रडायला लागले.
मी म्हटलं, अजून पंधरा आहेत.