मारितचं सूप

मारित,

सकाळी तू ओरडलीस, "आई, माझे घास मोजू नकोस!" दवाखान्यातून तू घरी आल्यापासून मी तेच करतेय, खरं आहे. म्हणून आज दुपारी मी बाहेर जातेय. कारेन मावशीकडे गेले असते, पण ती कामावर आहे, तेव्हा तळ्याकाठी गाडीतच बसेन.

शेगडीवर कोंबडीचं सूप आहे. त्यातल्या नूडल्स मी घरीच लाटून कापल्यात. जाड-बारीक झाल्यात. पाव अजून गरम आहे. लोणी बाहेर काढलंय, नको असेल तर राहू दे. बाबांनाही बजावलंय, फोन करून विचारायचं नाही.

चारला येईन. त्याआधी उरलेलं सूप खुशाल ओतून दे आणि पातेलं घासून ठेव. किती खाल्लंस, ते मला कळायला नको.

आई