प्रधानबाईंचं चावीचं इंजिन

१८ सप्टेंबर १९९७, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या प्रधानबाईंनी आज जिन्यातच गाठलं. "घाडगे, तुम्ही म्हणे मिक्सर दुरुस्त करता?" करतो म्हटलं. "मग इंजिन कराल का?" मला वाटलं बाई थट्टा करतायत!

थट्टा नव्हती. त्यांच्या मिस्टरांचं लहानपणचं चावीचं इंजिन — पत्र्याचं, हिरवं, विलायती. वीतभरच, पण धुराड्यापासून बफरपर्यंत सगळं जागच्या जागी. रूळ, डबे, चावी, सगळं पेटीत जपून ठेवलेलं. पण कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटलेली, पुढचं एक चाक गायब, आणि चाकांना जोडणारा एका बाजूचा दांडाच नाही.

दिवाळी झाली की बाई कायमच्या बडोद्याला चालल्यात, लेकीकडं. फ्लॅट विकायला काढलाय. प्रधानसाहेबांची आठवण म्हणून इंजिन न्यायचं, पण चालू करूनच! आणि अट एक — ते घराबाहेर जाणार नाही. काम करायचं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर.

जन्म गेला वीज मंडळाचे मीटर दुरुस्त करण्यात. इंजिन कधी हातात धरलं नाही. तरी हो म्हणून बसलो. च्यायला!

२० सप्टेंबर

आज उघडलं. हत्यारांची पेटी वरच ठेवून आलो, रोज कोण नेआण करणार.

बाई शाळेत सायन्स शिकवायच्या, बोलायला भलत्याच तिखट. "स्क्रू वाटीत ठेवा. टेबलावर ओरखडा पडला तर तुमच्याकडून पॉलिश करून घेईन." वर शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि प्रत्येक स्क्रूला "हा कशाचा?" मी वैतागलो. मग चहा आला, आलं ठेचून घातलेला. वैताग गेला.

माझी बायको राही गेल्यापासून आल्याचा चहा नव्हता प्यायलो. सूनबाईला आलं चालत नाही.

२४ सप्टेंबर

कमानीसाठी पायपीट. वाशीत दोघांनी हसून वाटेला लावलं. शेवटी नेरूळच्या मार्केटातलाच हौसेराव घड्याळवाला कामाला आला. गजराच्या एका मोडक्या घड्याळातली कमान काढून दिली, "थोडी रुंद हाय, पन मारून बसवा." मारून कशी बसवू लेका, ते काय दाराचं बिजागर आहे?

कानस घेऊन बसलो. बाईंनी जुन्या नॉव्हेलांचा गठ्ठा काढून त्यातलं एक मोठ्यानं वाचून दाखवलं. कथा काही कळली नाही. आवाज चांगला आहे.

२५ सप्टेंबर

कमान बसली! चावी दिली तर सुटून अशी बोटाला चाटली की रक्त. बाईंनी हळद दाबून धरली आणि वर मलाच रागावल्या.

३० सप्टेंबर

पावणे एमआयडीसीत ओळखीच्या इंद्रजितच्या वर्कशॉपात गेलो. लेथवर पितळेचं चाक आणि तो दांडा करून देशील का म्हटलं, बरोबर कागदावर झकास चित्र काढून नेलं होतं. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला. "काका, हे बसायचं नाय. दुसरं चाक आना, रूळ आना, सगळं इंजिनच आना. मी मापं घेतो."

आता ती अट! कसं सांगायचं बाईंना?

३ ऑक्टोबर

सांगितलं. बाई उठल्या. मग कपाटातून टर्किश टॉवेल काढला, इंजिन गुंडाळलं, पायात चपला सरकवल्या. "घराबाहेर एकटं जाणार नाही, असं म्हणायचं होतं मला." असं काहीही म्हणायचं नव्हतं त्यांना!

रिक्षात सगळा वेळ इंजिन मांडीवर. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायच्या. "हळू चालवा हो, आत पेशंट आहे." रिक्षावाल्यानं खरंच हळू घेतली.

वर्कशॉपात इंद्रजितनं त्यांना स्टूल पुसून दिलं. त्या चक्क लेथपाशी जाऊन उभ्या राहिल्या, पितळेची सालं निघताना बघत. कपाळावर काजळी लागली ती त्यांना कळलीच नाही. मीही सांगितलं नाही. येताना रस्त्यात उसाचा रस घेतला, बाईंनी माझ्या ग्लासातला बर्फ काढायला लावला. "घसा धरेल."

किती दिवसांनी एवढा हसलो.

६ ऑक्टोबर

फ्लॅट बघायला माणसं आली होती. मी टेबलावर काम करत होतो, त्यांना वाटलं मीच मिस्टर. बाईंनी दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

खाली आलो तर प्रियदर्शिनी, आमची सूनबाई, म्हणते, "अप्पा, मिक्सर दुरुस्त करायला तुम्ही कधी इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता." आणि तोंडावर पदर! मी तडकलो. जेवलोच नाही नीट.

पण खोटं काय म्हणाली ती? इंजिन झालं की बाई जाणार. जेवढं लवकर नीट करीन तेवढं लवकर. दांडा जरा वाकडा बसवला, एखादा स्क्रू हरवला, तर दिवाळी सहज उलटेल. मनात येऊन गेलं, लपवत नाही.

पण नाही. आपल्याला तसलं काम जमत नाही. शब्द दिलाय.

८ ऑक्टोबर

चाक आलं, दांडा आला. दोन्ही अचूक — शाब्बास इंद्रजित! बसवलं, तेल सोडलं, रूळ टेबलावर मांडले, चावी दिली.

निघालं की हो! डबे ओढत गोल गोल. बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. मला आनंद झाला, आणि दिवाळीला किती दिवस राहिले ते मनात मोजलं.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारं त्यांच्याकडे, मग पूजाही त्यांच्याकडेच. पाटावर पक्कड, कानस, स्क्रू ड्रायव्हर मांडले. बाई म्हणाल्या, "आणि हे राहिलं की!" मधोमध इंजिन ठेवलं. झेंडूचा हार, हळदकुंकू. अक्षता मी सढळ हातानं टाकल्या — एवढं चाललंय, देवाची कृपाच म्हणायची.

११ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला सगळा जिना बाईंकडे. त्यांनी कौतुकानं इंजिन मांडलं, चावी दिली. कट्‌ आवाज झाला आणि ठप्प! सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, "घाडगे, वॉरंटी संपली वाटतं!" त्याला एकदा बघतो मी.

बाईंचा चेहरा उतरला. तेच जास्त लागलं.

१२ ऑक्टोबर

सकाळीच जाऊन सगळं पुन्हा उघडलं. कमान ठीक. चाक ठीक. शेवटी चिमट्यानं दातेरी चाकांच्या मधून काढला — कुंकू लागलेला अख्खा तांदूळ!

अक्षता! माझ्याच!

बाई बघत राहिल्या, मग इतक्या हसल्या की टेबल धरून खाली बसल्या. डोळ्यांत पाणी. "कृष्णातराव, अहो आशीर्वाद अडकला हो आत!" आजवर मी "घाडगे" होतो. त्यांच्या लक्षात आलं का नाही कोण जाणे. मी मात्र चारचारदा तेच चाक पुसत बसलो.

इंजिन आता चालतंय. काम संपलं. हत्यारांची पेटी खाली आणली.

२० ऑक्टोबर

वर जायला काही कारण नाही.

२२ ऑक्टोबर

प्रियदर्शिनीनं आज न सांगता चहात आलं घातलं. स्वतः कॉफी घेतली. पोर गुणी आहे. चहा मात्र तसा लागला नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. बडोद्याहून जावई आलेत, वर सामान बांधण्याचे आवाज. फराळाचं ताट द्यायला गेलो. हॉलमध्ये खोकीच खोकी. बाई म्हणाल्या, "तुम्ही आलाच नाहीत मधे." मी म्हटलं, "काम कुठं होतं?" त्या म्हणाल्या, "हो, खरंच. काम नव्हतं." दोघंही मूर्खासारखे चकलीकडे बघत राहिलो.

काय बोलायचं असतं अशा वेळी? या वयात कुणाला विचारू?

५ नोव्हेंबर

सकाळी जावई गाडी घेऊन निघाले. इंजिनाची पेटी मागच्या सीटवर. बाई गाडीत नव्हत्या! गेटपाशी उभ्या राहून हात हलवत होत्या.

दुपारी माझ्या दारात. हातात भिंतीवरचं घड्याळ. "बंद पडलंय. लेकीला, अस्मिताला, आणि फ्लॅटच्या त्या एजंटाला सांगितलंय, हे चालू झाल्याशिवाय काही ठरवायचं नाही."

मागचं झाकण काढलं. सेल उलटा घातलेला. शाळेत पोरांना बॅटरी-बल्ब शिकवून रिटायर झालेली बाई!

झाकण हळूच लावलं. म्हटलं, "अवघड आहे. पार्ट शोधावे लागतील. बराच वेळ लागेल."

"लागू दे," म्हणाल्या.